दुसरी ओळ

१

बुधवारी दुपारी चार वाजता सखाराम सरांनी लोखंडी कपाट उघडलं, हिमरू शालीची घडी दोन्ही हातांनी बाहेर काढली, टेबलावर ठेवून उलगडली, आणि आत काहीच नव्हतं.

"वही?" सर म्हणाले. मग शाल झटकली. मग पुन्हा झटकली, जणू वही म्हणजे एखादं पान आहे आणि ते कुठं तरी चिकटून राहिलंय.

आता तुम्ही म्हणाल, वही ती काय, गल्लीच्या दुकानात ढिगानं मिळतात. पण तसं नव्हतं बरं. सरांना ऐंशी वर्षं होत आली होती आणि गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यातली माणसं हळूहळू उठून चालली होती. समोरच्याचं नाव आठवलं नाही की सर वही उघडत. इंग्रजीतला व्हॉइस ज्याला समजला, त्यानं त्या वहीत एक वाक्य लिहायचं, खाली आपलं नाव घालायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. वाक्य दोन ओळींत. पहिली ओळ पॅसिव्ह, दुसरी ॲक्टिव्ह. चारशे बारा पोरापोरींची चारशे बारा वाक्यं. सरांचं गणगोत म्हणाल तर तेवढंच.

वर्ग भरायचा सिडकोत, टी.व्ही. सेंटरच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या खोलीत. गिरणी जाऊन दहा वर्षं झाली, तरी उन्हाची तिरीप आत आली की हवेत अजून पीठ तरंगतंय असं वाटायचं. दारात कडुनिंब. फाल्गुन सरत आला होता, पिवळी पानं सारखी गळत होती आणि वाऱ्यानं थेट फळ्यापर्यंत येत होती.

पहिल्या बाकावर मुक्ताबाई. वय बासष्ट, वर्गातली सगळ्यात थोरली आणि सगळ्यात भांडकुदळ विद्यार्थिनी. तेहतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. वॉज सीन, वॉज फाउंड, वॉज सीझ्ड असलं इंग्रजी त्यांनी पोत्यानं टाइप केलं होतं, आणि त्यातलं अक्षरही त्यांना कळलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या जिवाला ते लागून राहिलं. आपल्या बोटांतून काय काय वाहून गेलं, ते एकदा समजून तरी घ्यावं, म्हणून त्या इथं आल्या.

सोमवारीच सरांनी त्यांना व्हॉइस शिकवला होता. ही शाल सरांना निवृत्तीच्या वेळी गावकऱ्यांनी पांघरवलेली. सरांनी ती उन्हात धरली होती. "मुक्ताबाई, हे फूल बघा. फूल विणलं गेलं. कसं देखणं वाटतं! विणणारा दिसतो का? नाही. हा पॅसिव्ह." मग शाल उलटी केली. मागं सगळे मोकळे धागे, गाठी, विटका रंग. "आता हात दिसला. विणकरानं फूल विणलं. हा ॲक्टिव्ह. गोष्ट एकच. कुठली बाजू लोकांपुढं धरायची, एवढाच प्रश्न." मुक्ताबाईंना सगळी तेहतीस वर्षं एकदम समजली होती आणि त्या वर्गातच रडल्या होत्या.

आणि आज वही नाही.

वर्गात त्या वेळी आणखी तिघं होती. सायली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरगी. इंद्रजीत, सरांचा जुना विद्यार्थी, वर्गाचा सगळा कारभार आता तोच बघायचा. आणि वेरूळला गाइड असलेले, कारभारी नावाचे, तेही जुने विद्यार्थी. रविवारी सरांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, त्याच्या तयारीला ते आले होते. मेळाव्यात वहीतलं एकेक वाक्य मोठ्यानं वाचलं जाणार होतं.

"जाऊ द्या सर, सापडेल," कारभारी म्हणाले.

सर खाली बसले. शालीचा एक धागा त्यांच्या बटणात अडकून निघाला होता. मुक्ताबाईंनी तो सोडवला. "द्या, घरी नेऊन टाका घालते," त्या म्हणाल्या. मघाशी घडी बाहेर निघाली तेव्हा शाल त्यांना जराशी उतरल्यासारखी वाटली होती. सोमवारी कशी झळाळत होती! आपलेच डोळे म्हातारे झालेत, म्हणून त्यांनी तो विचार तिथंच सोडला.

सरांनी मान वर केली आणि त्यांच्याकडं बघितलं. "बाई, तुमचं नाव काय म्हणालात?"

२

संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंद्रजीतची सूचना आली.

'सर्वांना कळविण्यात येते की, सरांची वही गहाळ झालेली आहे. सफाई करताना ती रद्दीत विकली गेली असावी, असे निष्पन्न झाले आहे. रविवारपर्यंत वही न मिळाल्यास आशाबाई यांना कामावरून कमी करण्यात येईल.'

मुक्ताबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कळविण्यात येते! कोण कळवतंय? निष्पन्न झाले! कुणी निष्पन्न केलं, कशावरून? कमी करण्यात येईल! अरे, करणाऱ्याला नाव नाही व्हय? चार ओळींत एका बाईचं नाव तेवढं ठळक आणि बाकी सगळे पडद्याआड. असला कागद त्यांनी कोर्टात हजार वेळा टाइप केला होता आणि हजार वेळा मुकाट सही करायला पाठवला होता. आता मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

सकाळी त्या आशाबाईंकडं गेल्या. आशाबाई करमाडकडच्या. दहा वर्षांपासून वर्ग झाडायच्या, सरांना दोन भाकरी करून द्यायच्या. उंबऱ्यात गहू निवडत बसल्या होत्या. सुपातला हात थांबला नाही.

"या. तुमी बी इचारायलाच आलाव ना?"

"विचारायलाच आले. चिडू नको. मंगळवारी काय झालं?"

"काय व्हनार? सर डोळे दाखवायला गेलते, वर्ग बंद. म्या सकाळी झाडलं. कपाट वरून पुसलं, कुलूप नसतंय त्याला, पर आत हात नाय घातला. वर्गाची किल्ली मीटरच्या पेटीत खिळ्याला लावली अन् आले. त्या खिळ्याचं तर समद्यांलाच ठाव हाय."

"नंतर कोण आलं?"

"सायली आली अभ्यासाला, जाताना मला भेटली. मग इंद्रजीतभाऊ स्पीकर ठिवायला. सांजच्याला ते येरूळचे गाइड, पावन्यांच्या नावाची यादी घिऊन. किल्ली समद्यांनीच काढली, हितं उंबऱ्यातनं दिसतंय. पर रद्दी म्हनलं की झाडणारीच आठवती."

अंगणात चिमण्या गव्हावर उतरत होत्या. बराच वेळ ऊन नुसतं सुपावरून सरकत राहिलं.

"मला कामाचं काय नाय हो," आशाबाई एकाएकी म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांचे डोळे भरून आले. "धा घरं हायेत. पर चोर म्हनून निघायचं? आमच्या घरावर हे एकदा झालंय. माज्या भावावर. तवा बी कुनी नीट इचारलं नव्हतं. लई वाईट असतं, बाई. मानूस मरूस्तवर डाग निघत नाय."

"कसला आळ होता?"

"जाऊ द्या. जुनं हाय." त्यांनी सूप उचललं. मग थांबून म्हणाल्या, "एक मातर हाय. ते गाइड काल रातच्याला फोनवर इंद्रजीतभाऊला लई इनवत व्हते म्हनं, बाईला काढू नका, काढू नका. माजी त्यांची वळख बी नाय. देवमानूस दिसतोय."

३

इंद्रजीत औरंगपुऱ्यातल्या आपल्या क्लासमध्ये बसला होता. चकाचक काचा, थंडगार खोली. तो सरांच्या वहीचं ॲप काढणार, असं तो तीन महिने सांगत होता आणि सर नको म्हणत होते. मुक्ताबाईंनी मुद्द्यालाच हात घातला.

"वही तू नेलीस का?"

"अहो मावशी, क्या बात करते! मला वही कशाला लागते?" त्यानं मोबाइल पुढं सरकवला. "जानेवारीतच सगळ्या पानांचे फोटो काढलेत. सरांना विचारलं नव्हतं, ते माझं चुकलं. पण फोटो असताना चोरी कोण करेल?"

ते खरं होतं. मुक्ताबाई पानं सरकवू लागल्या. 'मँगोज वेअर ईटन बाय द मंकी.' खाली, 'द मंकी एट मँगोज.' खाली नाव, गाव, वर्ष. 'द वेल वॉज डग बाय माय ग्रँडफादर.' 'माय ग्रँडफादर डग द वेल.' पाटीवरच्या अक्षरासारखी गोल अक्षरं, शाईचे डाग, कुठं भाजीचा वास येईल असा पिवळा ठिपका. ही पोरं आता कुठं असतील? त्यातली काही आजोबा-आजी झाली असतील. मुक्ताबाईंना वाटलं, आपण एका लांबलचक गावातून चाललोय आणि दर दारात कुणीतरी उभं राहून आपल्याला एक वाक्य सांगतंय.

आणि एका दारात कुणीच नव्हतं. म्हणजे पहिली ओळ होती, दुसरी नव्हती. जागा कोरी.

'द रेडिओ वॉज ब्रोकन बाय धोंडिबा.' खाली नाव, कारभारी. इयत्ता दहावी. वर्ष तीस वर्षांपूर्वीचं.

"हे काय रे?"

इंद्रजीतनं वाकून बघितलं आणि तो ताडकन उभा राहिला. "धोंडिबा! मावशी, धोंडिबा म्हणजे आशाबाईंचा भाऊ! सरांनी मला सांगितलं होतं, सर त्या वेळी करमाडकडं एका शाळेत होते, त्यानं शाळेचा रेडिओ फोडला म्हणून हेडमास्तरांनी त्याचं शाळेतून नाव काढलं. आता रविवारी हे वाक्य सगळ्यांसमोर वाचलं जाणार. भावाची इज्जत जाणार. म्हणून बहिणीनं वही गायब केली. घ्या! कारणपण मिळालं. मी रद्दी म्हणत होतो, ही तर सरळसरळ चोरी आहे. मी पोलिसांत अर्ज देतो."

"तिला वाचता येत नाही."

"कुणीतरी वाचून दाखवलं असेल."

पुन्हा कुणीतरी! मुक्ताबाईंनी कपाळाला हात लावला. पण मनातून त्या घाबरल्या. आशाबाईला वाचवायला आल्या होत्या आणि तिच्याच गळ्यात धोंडा बांधून बसल्या होत्या.

"रविवारपर्यंत तुझा तो अर्ज खिशात ठेव," त्या म्हणाल्या. "नाहीतर न विचारता फोटो काढल्याचं मीच सरांना सांगते."

४

शुक्रवारी दुपारी मुक्ताबाईंनी शाल मांडीवर घेतली, निघालेला धागा सुईनं मागं ओढून घेतला, आणि तशाच टेकून बसल्या. फाल्गुनातली दुपार ती. झोप येत नाही आणि जागही राहत नाही. कुठंतरी कुकरची शिट्टी, कुठंतरी भंगारवाल्याची हाक, आणि मधेच सगळं शांत.

त्यांना दिसलं, सर कपाट उघडतायत. घडी बाहेर काढतायत. घडी विटकी आहे. सर म्हणतायत, हात दिसला, मुक्ताबाई. हात दिसला.

त्या दचकून उठल्या.

शाल उतरली नव्हती. डोळेही म्हातारे झाले नव्हते. बुधवारी कपाटातून निघालेली घडी उलटी होती! मोकळे धागे बाहेर, फुलं आत. सोमवारी त्यांच्यासमोर सरांनी घातलेली घडी फुलं वर करून होती. म्हणजे वही काढून घेणाऱ्यानं शाल तशीच टाकली नाही. नीट घडी घालून ठेवली. कुणाला कळू नये म्हणून चांगली चापून चोपून ठेवली, आणि तिथंच फसला. चोरी त्यानं विचार करून केली असेल. घडी मात्र हातांनी सवयीनं घातली.

पण उलटी घडी घालतं कोण? मुक्ताबाईंनी स्वतः घालून बघितली. फुलं वर. दुसऱ्यांदा घातली. फुलं वर. देखणी बाजू बाहेर ठेवायची, ही तर आपली सगळ्यांचीच खोड.

चार वाजता त्या वर्गावर गेल्या आणि मुद्दाम दोन्ही हात खडूनं माखून घेतले. "सायले, जरा शालीची घडी कर ग." सायलीनं शालीचा बोळा केला आणि वर एक थाप मारली. त्याला घडी म्हणणं म्हणजे घडीचा अपमान. इंद्रजीत आला. त्यानं चादरीसारखी चार पदरी घातली, कडा जुळल्या नाहीत, फुलं वर. आशाबाई पाण्याची कळशी ठेवायला आल्या. त्यांनी हात पदराला पुसले, लुगड्याची घालतात तशी लांबट घडी घातली आणि वरच्या फुलावरून तळवा फिरवला. फुलं वर.

मुक्ताबाईंनी सोडलेला श्वास शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. पण पुढच्याच क्षणी त्यांचं तोंड उतरलं. मंगळवारी किल्ली काढणारं चौथं माणूस एकच उरलं होतं. तो बिचारा देवमाणूस.

५

शनिवारी त्या एस.टी.नं वेरूळला गेल्या. कैलास लेण्याच्या अंगणात कारभारी दहाबारा परदेशी पाहुण्यांना माहिती देत उभे होते. मुक्ताबाई एका खांबाच्या सावलीत बसून ऐकत राहिल्या.

"धिस टेम्पल वॉज कार्व्ह्ड फ्रॉम द टॉप," कारभारी म्हणत होते. "टन्स ऑफ रॉक वेअर रिमूव्ह्ड. नो नेम्स वेअर लेफ्ट."

आणि काय गंमत! मुक्ताबाईंना ते सगळं समजलं. मनातल्या मनात मराठी न करता समजलं. देऊळ वरून खाली कोरलं गेलं. दगड काढले गेले. नावं कुणाची राहिली नाहीत. त्यांनी वर बघितलं. एवढा डोंगर हातांनी पोखरलेला, आणि हात एकही दिसत नाही. भिंतीवरचे हत्ती उन्हात पेंगत होते. वर आकाशाचा निळा चौकोन आणि त्यात घारी, इतक्या संथ की टांगल्यासारख्या. आपण कशाला आलो, हेच त्या घटकाभर विसरून गेल्या.

पाहुणे पुढं गेले. कारभारी त्यांच्याजवळ आले. "मुक्ताताई! इकडं कुठं?"

"शाल दुरुस्त झाली. उद्या सरांना हीच पांघरवायची. प्रवासात पार चोळामोळा झाला हिचा. जरा घडी करा बरं, माझे हात घामेजलेत."

कारभारींनी शाल घेतली. एकदा झटकली, हवेतच उलटी केली, फुलं आत, मोकळे धागे बाहेर. कडेला कड लावली. अंगठा घडीवरून असा फिरवला की सुरी फिरावी. तीन घड्या, एक हलकी फुंकर. पापणी लवते न लवते तोच झालं.

"सुरेख! हे कुठं शिकलात?"

"दहावीनंतर शहरात आलो. नवाबपुऱ्यात हिमरूच्या एका दुकानात तीन वर्षं होतो." त्यांचा चेहरा उजळला होता. "उस्ताद म्हणायचे, फूल अंदर रख बेटा. उन्हानं रंग जातो, धूळ बसते. गिऱ्हाईक आल्यावर तेवढं फूल दाखवायचं..."

बोलता बोलता त्यांची नजर मुक्ताबाईंच्या चेहऱ्यावर गेली. मग हातातल्या घडीवर. हात तिथंच थांबले.

"बुधवारी कपाटातून शाल निघाली, ती अशीच होती," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "बाकी तिघांच्याही घड्या मी बघितल्या. इंद्रजीतच्या मोबाइलमध्ये वहीचे फोटो आहेत. कोरी ओळ मी वाचली. आता तुम्ही सांगा."

कारभारी खांबाला टेकून खाली बसले. पंचेचाळीस वर्षांचा, रुबाबदार, पाच देशांचे लोक ज्याचं बोलणं कान देऊन ऐकतात असा माणूस. मग त्यांनी खांद्याची पिशवी उघडली. वही आत होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"शाळेत एकच रेडिओ होता. सर आम्हांला त्यावर इंग्रजी ऐकवायचे. मधल्या सुट्टीत क्रिकेटची कॉमेंटरी लावायला मी काढला आणि हातातून पडला. धोंड्या माझ्या शेजारी उभा होता. माझा दोस्त. हेडमास्तर आले, म्हणाले, कसा फुटला? आम्ही दोघंही गप्प. दुसऱ्याच दिवशी सरांनी व्हॉइस शिकवला आणि वाक्य लिहायला सांगितलं. माझ्या मनात रात्रंदिवस रेडिओच होता हो, दुसरं वाक्यच येईना. लिहून गेलो. लिहिताना हात थांबला, आणि मी त्याचं नाव घातलं. हेडमास्तरांनी वही बघितली. धोंड्याचं नाव काढलं. तो पुन्हा शाळेत आला नाही."

"आणि मेळाव्यात हे वाचलं जाणार होतं."

"आशाबाई त्याची बहीण आहे, हे मला यादी करताना सरांनी सांगितलं. तिच्यासमोर हे कसं ऐकू? पान फाडायचं म्हणून वही नेली. पण फाडता येईना. त्या पानाच्या मागं दुसऱ्याच कुणाचं वाक्य आहे." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "आणि आळ आला आशाबाईवर. पुन्हा त्याच घरावर. मी रोज ठरवतो, आज सांगू, आज सांगू."

मुक्ताबाईंना त्यांची दयाही आली आणि रागही. दोन्ही त्यांनी गिळलं नाही. "तुमची दया येते मला, खरंच येते. पण ती बाई सूप पुढ्यात घेऊन रडत बसलीये ना! मी उद्या कुणाला काही सांगणार नाही. वही तुम्ही आणा आणि तोंडही तुम्हीच उघडा. नाही उघडलंत तर मग माझं तोंड कसं आहे, ते सगळ्या सिडकोला ठाऊक आहे."

घारी अजून तिथंच होत्या. परतीच्या एस.टी.त मुक्ताबाईंना धाकधूक लागली. वही त्यांनी कारभारींजवळच ठेवली होती. माणूस रात्रीत बदलला तर?

६

रविवारी गिरणीची खोली माणसांनी भरून गेली. कडुनिंबाखाली खुर्च्या, दाराला तोरण, आतमध्ये सर हिमरू पांघरून बसलेले, येणाऱ्या प्रत्येकाकडं लहान मुलासारखे बघत. आशाबाई दाराशी उभ्या होत्या. आत या म्हटलं तरी येत नव्हत्या. अकरा वाजले. कारभारींची खुर्ची रिकामी होती.

सव्वाअकरा. इंद्रजीतनं माइक घेतला. "खेदाने कळविण्यात येते की..."

"थांबा."

कारभारी दारातून आत आले. आशाबाईंच्या शेजारून जाताना त्यांची मान खाली होती. वही सरांच्या मांडीवर ठेवली, पान काढलं, खिशातलं पेन उघडलं. मग त्यांनी त्या कोऱ्या जागेत लिहिलं आणि उभं राहून वाचलं.

"आय ब्रोक द रेडिओ." मग मराठीत म्हणाले, "मी, कारभारीनं, शाळेचा रेडिओ फोडला. धोंडिबानं नाही. आणि मंगळवारी ही वहीपण मीच नेली. आशाबाईंनी नाही."

सरांनी ओळीवरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. "तीस वर्षं ही जागा मी मोकळी ठेवली होती," ते हळूच म्हणाले. आज त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. "तू दुसरी ओळ लिहायला बसलास तेव्हा मीच म्हणालो होतो, राहू दे, नंतर लिही. तुझा हात बघितला होता मी. मला संशय होता रे. पण हेडमास्तरांपुढं मीही गप्प बसलो. माझीही चूक आहे ती."

इंद्रजीतनं घसा खाकरला. "म्हणजे... आशाबाईंच्या बाबतीत गैरसमज झालेला आहे..."

"झालेला नाही," मुक्ताबाई पहिल्या बाकावरून कडाडल्या. "कुणी केला?"

इंद्रजीत लाल झाला. मग माइक खाली ठेवून दाराशी गेला. "मावशी, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. मी चुकलो. माफ करा."

आशाबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्या सरळ कारभारींपुढं आल्या. कमरेचा मोबाइल काढला, भावाचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि पुढं धरला.

"मला काय सांगायलाव? त्याला सांगा. मराठीत बोला. त्याची शाळा इंग्रजी यायच्या आदीच सुटली."

फोनमधून टेम्पोच्या इंजिनचा आवाज आला. "हां, आशे, बोल."

"धोंड्या," कारभारी म्हणाले. "मी कारभारी. आपल्या शाळेतला. तो रेडिओ... रेडिओ मी फोडला होता."

इंजिन बंद झालं. नुसता रस्त्याचा वारा ऐकू आला.

"ठाव हाय की," पलीकडून आवाज आला. "म्या तिथंच व्हतो नव्हं." मग थोड्या वेळानं, "आई हुती तवा सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. ती म्या फोडला असंच धरून गेली."

कारभारी मोठ्यानं रडू लागले. त्यांना कुणी गप्प केलं नाही. आशाबाईंनी पदर तोंडाला लावला होता, पण त्या दारातून हलून आत आल्या होत्या आणि खुर्चीवर बसल्या होत्या.

सरांनी हात लांब करून फोन मागून घेतला. "धोंडिबा, मी सर बोलतोय. तुझं वाक्य राहिलंय बाबा वहीत. ये एकदा."

"आता काय शिकायचं सर, पंचेचाळीस झाली."

"मी बासष्टाव्या वर्षी शिकतेय!" मुक्ताबाई बाकावरून ओरडल्या. "टेम्पो वळव आणि ये गप!"

पलीकडं कुणीतरी हसल्यासारखं झालं. मग इंजिन चालू झालं. सरांनी वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं, त्यावर धोंडिबाचं नाव घातलं आणि वर दोन ओळींची जागा सोडली.